खरखरीच्या मागावर

गुलाबराव काकाजी हातात चालू रेडिओ धरून गल्लीभर फिरत, पण गाणी ऐकायला नव्हे, खरखर ऐकायला. जिथे ती वाढेल तिथे थांबत आणि त्या घराची कडी वाजवत.

मी तेव्हा कारंजाला शिक्षक होतो, अगदी त्यांच्या शेजारी राहायचो. आमच्याकडे पहिल्यांदा आले ते भर जेवणात. "गुरुजी, तुमची ट्यूब माह्या रेडिओले चावून राह्यली," म्हणाले. ट्यूब रेडिओला कशी चावते ते मला कळेना, पण केली बंद. आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवलो. खरखर तशीच. काकाजी चहा पिऊन गेले.

मग संशय पिठाच्या चक्कीवर गेला, तिथून शिंप्याच्या मोटरवर, तिथून हायवेवरच्या वेल्डिंगच्या दुकानावर. एका संध्याकाळी त्यांच्या सांगण्यावरून गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले मेन स्विच पाडले आणि आम्ही अंधारात अंगणात उभे राहिलो. सेलवरचा तो रेडिओ खरखरतच होता. शिवाय पाऊस आला की आवाज आपोआप थांबे, ऊन पडलं की पुन्हा सुरू. तेव्हा तर काकाजींसकट आम्ही सगळेच चक्रावलो. नवा रेडिओ घ्या, असं माझी बायको सुचवून थकली. रेडिओ ठणठणीत आहे, गाव बिघडलं आहे, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी रेडिओनेच त्यांना गल्लीच्या टोकाला, हायटेन्शनच्या खांबाखाली नेलं. तिथे बातम्या पार बुडाल्या. काकाजी रोज वीज कार्यालयात जाऊन बसू लागले. कंटाळून एक लाइनमन खांबावर चढला. तारेजवळचा बोल्ट ढिला होऊन फटीत बारीक ठिणग्या उडत होत्या; पावसाचं पाणी फटीत गेलं की थांबत. त्याने बोल्ट आवळला.

त्या संध्याकाळी काकाजींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. बातम्या लख्ख ऐकू आल्या. लोक कौतुक करून आपापल्या घरी गेले. मीही उठलो, तसा काकाजींनी रेडिओ बंद केला. काकू वारल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

"खरखर तर गेली गुरुजी," ते म्हणाले. "आता उद्या संध्याकाळी कोणाकडं जाऊ, मले काही समजून नाई राह्यलं."

मी कुंपणावरून बायकोला हाक मारली आणि काकाजींच्याही पोळ्या टाकायला सांगितल्या.