नोंदवहीतली बोट

बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मासेमारीची जुनी बोट विकत घ्यायचं ठरवलं, यात कायद्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह असं काहीच नव्हतं. बंदरावर त्यांना सगळे बर्फवाले म्हणत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या माशांसाठी लाद्या फोडल्या होत्या. आता एकदा तरी स्वतःच्या माशांवर बर्फ घालावा, एवढीच त्यांची इच्छा होती. निवृत्तीच्या पैशात नवी बोट सोडाच, नव्या बोटीचं इंजिनही आलं नसतं. म्हणून जुनी.

बोट पसंत केली ती त्यांच्या बायकोने. बाई जन्मभर जाळी विणत आणि सांधत आलेल्या. कुठे काय फाटलंय हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि या कामाचा सराव त्यांनी घरच्या माणसावरही भरपूर केला होता. धक्क्यावर विकायला काढलेल्या सात बोटी त्यांनी फळीफळीवर टिचक्या मारून तपासल्या आणि सहा नापास केल्या. सातवी हिरव्या रंगाची, छत्तीस वर्षांची, ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याची होती.

"फळ्या नव्या दिसतात," बाई म्हणाल्या.

"बदलल्यात," म्हातारा म्हणाला. "इंजिन दोनदा बदललं. पुढच्या टोकाची नाळ धक्क्याला आपटून फुटली होती, तीही नवी बसवली."

"मग जुनं काय उरलंय?"

"मी."

बाईंना माणूस सरळ वाटला. व्यवहार तिथेच ठरला. आता फक्त बोट नावावर करून घ्यायची होती, म्हणजे औपचारिकता तेवढी बाकी होती.

नौका नोंदणी कार्यालयातला कारकून अतिशय नम्र होता. तो स्वतः टेप घेऊन धक्क्यावर आला, वाकून, घाम गाळून त्याने बोट दोनदा मोजली आणि नोंदवही उघडली.

"काका, वहीत लांबी अठ्ठावीस फूट आहे. ही सत्तावीस फूट आठ इंच भरतेय. शिवाय वहीत रंग निळा."

"नाळ बदलताना चार इंच गेले असतील," बर्फवाले म्हणाले. "आणि रंग काय, माणूस बदलतो."

"तशी नोंद नाही. नोंदीप्रमाणे बोट अठ्ठावीस फूट आणि निळी आहे. म्हणजे ही ती बोट नव्हे."

"मग ती बोट कुठे आहे?"

कारकुनाने वहीवर बोट ठेवलं. "ही काय. पान एकशे बारा."

बर्फवाले वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सुताराला बोलावून नाळेला चार इंचांचा तुकडा जोडून घेतला. बाईंनी पदर खोचून अख्खी बोट निळी रंगवली. कारकून पुन्हा आला, पुन्हा वाकला, आणि बोट बरोब्बर अठ्ठावीस फूट भरली. त्याचा चेहरा उतरला.

"काका, हे काय करून बसलात! पूर्वपरवानगीशिवाय लांबी वाढवलीत?"

"अहो, वहीत होती तेवढीच तर केली!"

"वहीतल्या बोटीची लांबी कुठे वाढलीय? ती आहे तेवढीच आहे. वाढली ती या बोटीची. विनापरवाना फेरफार झाला हा. बोट ताबडतोब पूर्ववत करा."

सुताराने चार इंच कापून काढले. त्यावर 'विनापरवाना कपात' असा शेरा पडला. सुतार एव्हाना घरचाच झाला होता. बोट कधी किती लांब हवी ते एकदाचं एका कागदावर लिहून द्या, म्हणजे मला सारखं विचारायला यायला नको, असं तो म्हणाला. पण तसा कागद देण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता.

शेवटी प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब सहृदय होते. लोकांची अडचण समजून घेणारे अशी त्यांची ख्याती होती, आणि एकदा ती समजून घेतली की पुढचं काम ते त्या लोकांवरच सोपवत. पण या वेळी त्यांनी मनावर घेतलं.

"तुम्हाला बोट घ्यायचीय ना? मग पान एकशे बारावरची घ्या. तिच्यात तर काहीच खोट नाही."

"पण साहेब, ती..."

"थांबा, तपासूनच देतो." साहेबांनी वही पुढ्यात ओढली, पानाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, पान उजेडासमोर धरलं आणि निर्वाळा दिला, "गळती नाही. इंजिन नोंदीप्रमाणे. लांबी पूर्ण." आणि योग्यतेचा दाखला तिथल्या तिथे सही-शिक्क्यासह बर्फवाल्यांच्या हातात ठेवला.

"आणि ती धक्क्याला बांधलेली आहे, ती?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. बोट समोरच डुलत होती. "त्या वस्तूबाबत या कार्यालयाकडे कोणतीही माहिती उपलब्ध नाही."

"मग ती आम्ही समुद्रात नेली तर?"

"बाई," साहेब मायेने म्हणाले, "जी बोट नाहीच, तिला मी अडवणार कसा?"

दुसऱ्या दिवशी नवराबायको ती नसलेली बोट घेऊन निघाले. मासे फार मिळाले नाहीत, पण टोपलीचा तळ झाकला. बर्फवाल्यांनी त्यांच्यावर स्वतःच्या हाताने बर्फ पसरला आणि बराच वेळ पाठ फिरवून उभे राहिले.

"खारं पाणी उडालं डोळ्यात," ते म्हणाले.

"कळलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनीही दुसरीकडे पाहिलं.

तीन महिने बरे गेले. मग नोटीस आली. पान एकशे बारावरील नौकेने आजतागायत एकही मासा पकडलेला नसून ती निष्क्रिय का ठरवू नये, याचा खुलासा मागवला होता. बर्फवाले टोपलीसकट कार्यालयात हजर झाले.

"हे मासे चालणार नाहीत," कारकून हळहळला. "हे त्या दुसऱ्या वस्तूने पकडलेत. तुम्ही असं करा, वहीतल्या बोटीने जे पकडलं असतं ते लिहा."

बर्फवाले भिडस्त माणूस. पहिल्या महिन्यात त्यांनी अगदी बेताचे मासे लिहिले. दुसऱ्या महिन्यात थोडे जास्त. हातात लेखणी असली की माणसाचं मन मोठं होतं. सहाव्या महिन्यात पान एकशे बाराने एवढे मासे पकडले की वर्षअखेरीला त्याला 'आदर्श नौका' म्हणून मानपत्र जाहीर झालं. समारंभात साहेबांनी या बोटीचा गौरव केला. ही बोट धूर सोडत नाही, पाण्यात तेल सांडत नाही, धक्क्यावर जागा अडवत नाही आणि खराब हवेत कधीही बाहेर पडत नाही, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. बर्फवाल्यांनी मानपत्र घरी दर्शनी भिंतीवर लावलं.

"ज्या बोटीत आपण कधी बसलोही नाही तिचं मानपत्र?" बाईंनी विचारलं.

"मेहनत आपलीच आहे ना पण?"

"हो. लिहिण्याची."

बर्फवाल्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि मानपत्र किंचित सरळ केलं.

मानपत्राची बातमी पसरली तशी नोंदवहीतली बोट असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. दातांच्या डॉक्टरांनी एक घेतली. मुख्याध्यापिकाबाईंनी एक घेतली आणि महिन्याभरात भावजयीलाही घ्यायला लावली. "आम्ही आता समुद्रावरची माणसं," असं डॉक्टर पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून सांगत, त्यामुळे कुणी हरकत घेत नसे. टेपच्या मोजणीला कंटाळलेल्या खऱ्या कोळ्यांनीही आपापल्या बोटींच्या जागी वहीतल्या बोटी करून घेतल्या. दोन वर्षांत बंदरातल्या सगळ्या बोटी निर्दोष झाल्या. पहाटे तितक्याच बोटी समुद्रात जात आणि दुपारी तितक्याच परत येत. फक्त त्यांतली एकही अस्तित्वात नव्हती.

एका दुपारी बर्फवाल्यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. धुकं उतरत होतं. सुताराने दोनदा हात लावलेल्या नाळेचा सांधा सुटला आणि पाणी आत येऊ लागलं. बाई डबा घेऊन पाणी उपसायला लागल्या. बर्फवाल्यांनी मदत केंद्राला फोन लावला.

"नोंदणीचं पान?" पलीकडून एका गोड आवाजाच्या तरुणीने विचारलं.

"एकशे बारा. लवकर करा, इंजिन बंद पडलंय!"

"बघते हं... काका, तुमचं इंजिन उत्तम चालू आहे. बोट धक्क्यावर आहे. गळती नाही."

"अहो, पाणी गुडघ्याला लागलंय माझ्या!"

"लांबी अठ्ठावीस फूट, रंग निळा, आदर्श नौका," आवाजात आदर आला. "काका, तुम्ही घाबरू नका. आमच्याकडे तुम्ही अगदी सुखरूप आहात."

बाईंनी फोन हिसकावून घेतला. "ताई, आम्ही बुडतोय!"

"बुडाल्याची नोंद बोट धक्क्याला आणल्यावर होते, बाई. येताना दोन फोटो आणा."

बाईंनी फोन ठेवला आणि थेट बोटीच्या मूळ मालकाला, त्या म्हाताऱ्याला लावला. त्याने काहीच विचारलं नाही. शेजाऱ्याची नसलेली बोट धक्क्यावरून सोडवून तो निघाला आणि धुक्यात बाईंच्या आवाजाचा माग काढत पोचला. त्या पूर्ण वेळ नवऱ्याला बोलत होत्या, त्यामुळे शोधायला अडचण पडली नाही. दोघांना त्याने त्या बोटीत घेतलं आणि त्यांची बोट दोराने मागे बांधली. धक्का हाकेच्या अंतरावर आला तेव्हा दोर एकदम जड झाला. म्हाताऱ्याने मागे न पाहता तो कापला.

बर्फवाल्यांनी मात्र पाहिलं. बोट आवाज न करता खाली गेली. तिथे पाणी उथळ होतं, म्हणून नाळ तेवढी वर राहिली.

"पोरा," साठी उलटलेल्या बर्फवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा म्हणाला, "छत्तीस वर्षं मी तिला सांभाळलं. तू तिला कागदावर सांभाळलंस." बाईंनी नवऱ्याचा ओला हात घट्ट धरला. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत.

सकाळी साहेब स्वतः पंचनामा घेऊन धक्क्यावर आले. 'काल दिवसभरात या बंदरात कोणतीही बोट बुडालेली नाही,' एवढाच मजकूर होता. साहेबांच्या मागे, पाण्यातून वर आलेल्या नाळेवर एक बगळा बसला होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. डॉक्टरांनी सही केली. मुख्याध्यापिकाबाईंनी शुद्धलेखन तपासून सही केली. कोळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बोट बुडाली असं म्हटलं, तर ती होती असं म्हणावं लागणार, आणि मग टेप पुन्हा धक्क्यावर येणार. त्यांनीही सह्या केल्या. म्हाताऱ्याने चष्मा घरी राहिला असं सांगितलं आणि तो निघून गेला. त्याच्याकडे चष्मा नव्हताच.

"काका, तुमची सही महत्त्वाची," साहेब हळूच म्हणाले. "तुम्ही नाही केलीत तर काल कशात बसला होता ते सांगावं लागेल. शिवाय मानपत्र परत घ्यावं लागेल, ते मला बरं वाटणार नाही."

बर्फवाल्यांनी नाळेकडे पाहिलं. बायकोकडे पाहायचं त्यांनी टाळलं, आणि सही केली.

बाईंनी मात्र कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला आणि जमलेल्या सगळ्यांना विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" कुणाला काही म्हणायचं नव्हतं. दोघे-तिघे तर हसले. बाईंनी कागद तसाच, सही न करता, साहेबांच्या हातात दिला आणि त्या घरी गेल्या.

त्यामुळे पंचनाम्यावर 'वाचले, समजले, हरकत नाही' या शब्दांखालची एक जागा अजून रिकामी आहे. कुणाही जबाबदार नागरिकाची सही चालेल, असं साहेबांचं म्हणणं आहे. आपण इथवर सगळं वाचलंत, दोन-चार ठिकाणी हसलातही, आणि हरकत तर एकदाही घेतली नाहीत. तेव्हा सही कृपया पूर्ण नावाने करावी. तारीख कालची टाकावी.