पाठ पुढे, तोंड मागे

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीच्या मागच्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. पाय टेपमास्तरांचे होते. उरलेले टेपमास्तर आत पालथे पडून बेल्टचं बकल चाचपडत होते आणि बेबी सीट बनवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करत होते.

टेपमास्तर हे त्यांचं गोदामातलं नाव. माल भरून घेणं हे त्यांचं काम. चाळीस फुटी कंटेनरात काय उभं जाईल, काय आडवं जाईल, आधी काय आणि शेवटी काय, हे ते नुसतं बघून सांगत आणि मग खात्रीसाठी खिशातली टेप काढून मोजत. वीस वर्षांत त्यांनी भरलेल्या कंटेनरात हाताचा पंजा जाईल एवढी फट कधी राहिली नव्हती. म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी बायको म्हणाली, "अरे, त्या बेबी सीट एकदा बसवून बघ ना," तेव्हा ते खो खो हसले होते.

"अगं, मी ट्रॅक्टर बसवलेत कंटेनरात! दोन खुर्च्यांचं काय घेऊन बसलीस?"

"ट्रॅक्टरची मान लुळी नसते," बायको म्हणाली होती. "बाकी सगळं मी बघतेय. तुझ्याकडे हे एकच काम आहे. एकच."

ते एकच काम आता सकाळी साडेनऊपासून चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावर सहा दिवसांच्या दोन जुळ्या मुली होत्या. नऊ मिनिटं आधी आलेली ती थोरली, मागून आलेली धाकटी. हॉस्पिटलचा नियम असा की सिस्टर स्वतः खाली येऊन सीट तपासणार, मगच बाळं हातात मिळणार. सिस्टरची ड्यूटी दोनपर्यंत. उद्या रविवार, तपासायला कुणी नाही. म्हणजे दोनच्या आत जमलं नाही तर थेट सोमवार. आणि सकाळीच बायकोचा रडवेला फोन आला होता. "मला आता इथे एक दिवससुद्धा राहवणार नाही रे. काहीही कर, पण आज आम्हाला घरी ने."

"नेतो गं," असं टेपमास्तर छातीठोकपणे म्हणाले होते. त्या छातीवर आता बेल्टचे वळ उठले होते.

सासूबाई बाजूला उभ्या राहून माहितीपुस्तक धरून होत्या. "जावईबापू, यात तर हा माणूस एका हातानं बसवतोय. वर हसतोयसुद्धा."

"त्याला मुली नसतील, आई."

चाळीस मिनिटांनी दोन्ही सीट बसल्या. सिस्टर खाली आली. आडव्या बांध्याची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने आत डोकावून पाहिलं आणि चष्मा काढला.

"यांची तोंडं पुढे आहेत."

"मग कुठे असायला हवीत?"

"मागे. पाठ पुढे, तोंड मागे."

"मागे बघत कोण प्रवास करतं हो?"

"तान्ही बाळं करतात. करकचून ब्रेक लागला तर मान कशाला टेकणार? काढा आणि फिरवून बसवा. मी अकराला येते."

टेपमास्तरांनी सगळं सोडलं, सीट फिरवल्या आणि पुन्हा आत शिरले. फिरवल्यावर कळलं की बेबी सीट उलटी बसली की तिला दुप्पट जागा लागते. तिची पाठ पुढच्या सीटला जाऊन भिडते. मग पुढची सीट पुढे सरकवावी लागते. शेजारची सीट सरकत सरकत डॅशबोर्डला टेकली. ड्रायव्हरची सीट सरकवून टेपमास्तरांनी बसून पाहिलं. त्यांची उंची सहा फूट दोन इंच. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले आणि हॉर्न वाजला.

"बसता येतंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"बसता येतंय. उतरता येत नाहीये."

सासूबाईंनी त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं.

अकराला सिस्टर आली, तिने सीटच्या कडेला असलेली छोटी काचेची नळी दाखवली. तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या मधे हवा, म्हणजे बाळाची मान ना पुढे लोंबत ना मागे पडत. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. टेपमास्तरांनी टॉवेलची गुंडाळी करून सीटखाली सारली, बुडबुडा आला मधे. त्यांनी विजयी मुद्रेने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर पार्किंगकडे बघत होती.

"ही जागा उताराची आहे. गाडी सपाटीला न्या, मग बघू."

सबंध आवारात सपाट जागा एकच होती, ती म्हणजे मुख्य दारासमोर रुग्णवाहिका थांबते ती. टेपमास्तरांनी गुडघे दुमडून गाडी तिथे नेली. बुडबुडा लगेच दुसऱ्या टोकाला पळाला. त्यांनी टॉवेल उपसायला घेतला, तोच रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"ओ साहेब, ही जागा अत्यवस्थ माणसांसाठी आहे!"

"मग मी कोण वाटतोय तुम्हाला?" टेपमास्तर कळवळून म्हणाले.

रखवालदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं. केस विस्कटलेले, कोपर सोललेला, डोळे लाल. त्याला दया आली. "पाच मिनिटं," तो म्हणाला. "तेवढ्यात उरका."

पाच मिनिटांत उरकायचं म्हणून टेपमास्तरांनी गुडघा सीटवर रोवला, अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून बेल्ट ओढला. खट्कन आवाज झाला. सीट अशी बसली की हलवली तर सगळी गाडी हलावी. सहा तासांच्या... छे, त्यांना सहा तास वाटत होते, झाले होते दोनच, तर त्या दोन तासांच्या खटपटीनंतर पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं. आनंदाने ते उठायला गेले आणि उठलेच नाहीत. शर्टाचा पुढचा भाग बेल्टखाली गेला होता.

"आई, अडकलो."

"सैल करा की बेल्ट."

"बेल्ट सैल करणार नाही!" टेपमास्तर ओरडले. "मेलो तरी करणार नाही! कात्री आणा!"

बाळांच्या पिशवीतून नखं कापायची एवढीशी कात्री निघाली. तिने सासूबाईंनी जावयाचा शर्ट पोटापासून खांद्यापर्यंत कातरला. तेवढ्यात मागे रुग्णवाहिका येऊन उभी राहिली आणि तिच्यातला अत्यवस्थ रुग्ण मान उचलून हा प्रकार बघू लागला. टेपमास्तर अर्ध्या शर्टानिशी बाहेर पडले, बेल्टखालची चिंधी ओढून काढली, गाडी उतारावर परत नेली आणि चाकाशी फतकल मारून बसले. आपल्याला मुलींचा बाप होण्याची लायकीच नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. वीस वर्षं दुसऱ्यांचा माल भरला, आणि स्वतःची दोन पोरं, दोन्ही मिळून साडेपाच किलो, ती गाडीत बसवता येईनात!

"उठा जावईबापू," सासूबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "सीट तर झाल्या. सामान राहिलंय. ही घ्या तिची यादी."

यादी हा शब्द ऐकताच टेपमास्तरांच्या अंगात जीव आला. यादी म्हणजे त्यांचा प्रांत. गोदामात त्यांचा कायदाच होता. यादीतलं काही खाली राहणार नाही आणि यादीबाहेरचं काही वर चढणार नाही. त्या कायद्यापुढे त्यांनी मालकाचंही कधी ऐकलं नव्हतं. बायकोने हॉस्पिटलच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. जोड बाबागाडी. पिशव्या पाच. बाळांचा टब. उश्या दोन. थर्मास. आणि शेवटी, 'आई (तिला मधे कोंबू नकोस, गुडघे दुखतात तिचे).'

त्यांनी टेप काढली. दोन बेबी सीटच्या मधे नऊ इंच जागा.

"नऊ इंचात माझा एक हात बसेल," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे त्या तिसऱ्या रांगेत. पण तिसऱ्या रांगेत जायचं तर दुसऱ्या रांगेची सीट वाकवावी लागते आणि बेबी सीट आवळलेली असेल तर ती जन्मात वाकत नाही. वाट उरली एकच, डिकीतून. रखवालदाराने आपलं स्टूल आणून दिलं. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने जावई, असे दोघांनी धरून सासूबाईंना डिकीतून आत चढवलं.

"लेकीच्या पायी काय काय करायला लागतंय बाई," आतून आवाज आला. मग जरा वेळाने म्हणाल्या, "अगंबाई! जावईबापू, दोन्ही सीट माझ्याकडेच तोंड करून आहेत की! सबंध रस्ताभर पोरी माझ्याकडेच बघणार!"

त्यांच्या बाजूला बाबागाडी उभी गेली. बाबागाडीवर टब, टबात उश्या. पुढच्या शेजारच्या सीटसमोर पाय ठेवायला जागाच नव्हती, तेव्हा ती उघडच मालाची जागा. तिच्यावर पाच पिशव्या छतापर्यंत रचल्या, वर थर्मास पाचरीसारखा ठोकला. डिकी लावली. अडीच बोटांची फट नाही! टेपमास्तरांनी यादीवर बरोबरच्या खुणा केल्या आणि चार पावलं मागे जाऊन गाडीकडे नुसतं बघत राहिले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

पावणेदोनला सिस्टर आली. गाडी सपाटीला नेऊन बुडबुडा पाहिला, सीट गदागदा हलवल्या. मागे बसलेल्या सासूबाई हलल्या, सीट हलल्या नाहीत.

"उत्तम," सिस्टर म्हणाली. "इतक्या घट्ट मी कधी पाहिल्या नाहीत." तिने सही केली. टेपमास्तरांचा जीव भांड्यात पडला.

पाच मिनिटांत चाकाच्या खुर्चीवरून बायको आली. चेहरा ओढलेला, दोन्ही हातांत दोन गाठोडी. सिस्टरने एकेक गाठोडं घेतलं, सीटमध्ये ठेवलं, पट्टे लावले. थोरलीने जांभई दिली. धाकटीने आजीकडे बघून डोळे बारीक केले. सगळं कसं शिस्तीत. टेपमास्तर ड्रायव्हरच्या दाराशी गेले.

"छान बसवल्यास रे," बायको म्हणाली. तिने गाडीकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "मी कुठे बसू?"

टेपमास्तरांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. पिशव्या. मधे पाहिलं. नऊ इंच. मागे पाहिलं. बाबागाडी, टब, आई. त्यांनी यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत वाचली.

"यादीत मी नव्हते का?"

"नव्हतीस," टेपमास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

सिस्टर दुसरीकडे बघू लागली. रखवालदाराने स्टूल उचललं आणि निघून गेला. नऊ महिने पोरी वाहिल्या तिने, सहा दिवस एकटी राहिली ती, आणि तिला घरी न्यायच्या गाडीत तिलाच जागा ठेवली नाही आपण.

"मी सगळं काढतो. पिशव्या काढतो, तुझी सीट मागे घेतो..."

"ती सीट मागे घेतली की बेबी सीट सरकेल," सिस्टर म्हणाली. "मग मला परत तपासावं लागेल. पावणेदोन होऊन गेलेत."

"मग आई उतरतील. त्या टॅक्सीने येतील."

"मी उतरणार नाही," आतून सासूबाईंचा आवाज आला. "डिकीतून चढलेय मी. आता घरीच उतरणार. धाकटी माझ्याकडे बघतेय!"

बायको हसायला लागली. हसता हसता टाक्यांवर हात धरून "आई गं" म्हणाली आणि तरी हसत राहिली. टेपमास्तरांना हे रडण्यापेक्षा वाईट वाटलं. "टॅक्सी बोलव," ती डोळे पुसत म्हणाली. "मी मागून येते. आई आहे ना त्यांच्याजवळ. चल, उशीर नको."

टेपमास्तर घरापर्यंत गुडघे कानाशी घेऊन, बैलगाडीच्या वेगाने आले. आरशात बघावं तर बेबी सीटच्या पाठी आणि टब. टबाच्या मागून सासूबाई सारख्या बातम्या देत होत्या. थोरली झोपली, धाकटी जागी, धाकटीने तोंड वाकडं केलं, थोरली जागी, आता दोघी. मागे टॅक्सी येत होती, आणि दर सिग्नलला ते मान वळवून बघत आणि स्वतःला शिव्या देत. आता ती आयुष्यभर हे विसरणार नाही. पोरी मोठ्या झाल्या की त्यांनाही सांगेल.

दारात गाडी थांबली तेव्हा दोन्ही मुली टाहो फोडत होत्या. टेपमास्तर स्टिअरिंगखालून कसेबसे सुटले आणि मागच्या टॅक्सीकडे धावले. माफी मागायचीच होती, आता लगेच, रस्त्यातच.

मागच्या अख्ख्या सीटवर बायको आडवी झाली होती. चपला खाली, पाय वर, तोंड उघडं. ती झोपली होती. सहा दिवसांत, खरं म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत, त्यांनी तिला इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं, काही नव्हतं, नुसती जागाच जागा.

टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "उठवू का बाईंना?"

इकडे धाकटीने नवा सूर लावला. डिकीतून सासूबाई ओरडल्या, "अहो, आधी मला काढा! मग तिला आत घ्या, पोरींना दूध हवंय!"

टेपमास्तरांनी दार उघडायला पुढे केलेला हात मागे घेतला. पिशव्यांवर थर्मास आहे, थर्मासात दूध आहे, घरात ते स्वतः आहेत.

"नको," ते हळूच म्हणाले. "जरा लांबून एक फेरी मारून आणा. सावकाश. खड्डे चुकवून."

टॅक्सी निघून गेली. टेपमास्तर वळले, अर्धा शर्ट खोचला आणि डिकी उघडली.

"ती कुठे गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"येतेय," ते म्हणाले. "या, हात द्या मला, आई."