इनासभाऊंचा एकच खरा बिल्ला

इनासभाऊ पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा वाढायच्या आधीच त्यांनी ताट उलटं करून पाहिलं. मग वाटी, मग पेला. आमच्या हिला वाटलं, भांड्यांच्या स्वच्छतेवर शंका घेतली जातेय. ती फुगायच्या बेतात असताना भाऊ म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. समोरून काय, मीसुद्धा देखणा दिसतो. वस्तूची पाठ बघायची."

इनास परेरा मूळचे वसईचे. आखातात रास लफ्फानच्या गॅस प्रकल्पावर वेल्डिंग इन्स्पेक्टर. अल खोरच्या कंपनी कॉलनीत आमच्या समोरच्या घरात, बायको मार्गारेट वारल्यापासून, एकटेच राहायचे. दिवसभर पाइपांचे जोड तपासून माणसाला जोड नावाच्या गोष्टीचाच वीट यावा. पण हे गृहस्थ बसमधून उतरले की हातपाय धुऊन भिंग काढायचे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदलाच्या बिल्ल्यांचे फोटो तपासायला बसायचे. पाणबुडीवाल्यांचा बिल्ला वेगळा, सुरुंग काढणाऱ्या बोटींवरच्या खलाशांचा वेगळा. कुठकुठले शौकीन इंटरनेटवर फोटो पाठवून खरा की खोटा विचारत. तेव्हाचं इंटरनेट इतकं मंद, की एक फोटो पडद्यावर उतरेपर्यंत आमचा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. भाऊ समोरची बाजू बघतच नसत. "पाठ पाठव," एवढंच उत्तर जायचं.

पाठीवर सगळा पंचनामा. पिनेचा सांधा कसा बसवलाय, सोल्डरचा डाग कुठे सांडलाय, पत्रा ठोकून उठवलाय की साच्यात ओतलाय. ओतलेला असला की बारीक बुडबुडे दिसत, आणि मग निकाल ठरलेला: "खलास. नकली." एकदा आमच्या सेफ्टी मॅनेजरने लंडनहून आणलेला बिल्ला पार्टीत मिरवला. सगळे वाहवा करत होते. भाऊंनी तो उलटा केला आणि शांतपणे सांगितलं, "सर, याची पिन तुमच्यापेक्षा वयाने लहान आहे." त्या वर्षी भाऊंचं प्रमोशन झालं नाही. पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोट्याला खरं म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

या बिल्ल्यांवर त्या राजवटीचं चिन्ह असे. त्यावर भाऊ चिकटपट्टी लावत. "त्या लोकांशी मला काही देणंघेणं नाही. तरुणपणी बोटीवर फिटर होतो. हॅम्बुर्गच्या जुन्या बाजारात मला सलग सगळे नकली विकले. तेव्हापासून डोकं फिरलंय," असं ते सांगत.

इतक्या वर्षांत त्यांना स्वतःसाठी एकच खरा मिळाला होता, सुरुंगवाल्यांचा. तो त्यांनी मला एकदाच दाखवला. मुलामा विटलेला, खाचांमध्ये काळपट रंग. "हा रंगच त्याची साक्ष आहे, मकरंद. हा गेला की खरा असूनही कुणाला पटवता येणार नाही. याला कापडसुद्धा लावायचं नाही," ते म्हणाले आणि डबी मिटली.

त्या थंडीत माझी आई नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आली, आणि आठवड्याच्या आत तिच्या छातीत दुखायला लागलं. मी प्लांटच्या शटडाउनच्या कामात अडकलेलो, हिला गाडी येत नाही. भाऊंनी सुट्टी टाकली, आईला गाडीत घातलं आणि थेट दोह्याच्या हॉस्पिटलात नेलं. मी पोचलो तर ते तिच्या खाटेशी बसून मोसंबी सोलत होते. नर्सला त्यांनी "माय मदर" असं सांगितलेलं होतं. आई वाचली ती त्यांच्यामुळे. हे ऋण मी आजही मानतो.

आई घरी आली, हिंडूफिरू लागली. भाऊंसाठी काय करू, काय नको असं तिला झालं. नेमका तेव्हाच त्यांचा एसी गळायला लागला. दुरुस्तीवाले येणार म्हणून भाऊंनी आपल्या बिल्ल्यांच्या डब्या आमच्याकडे ठेवल्या. शुक्रवारी ते दोह्याच्या चर्चमधून मिस्सा करून परत आले तेव्हा आई डबी घेऊन दारातच उभी होती.

"इनास, बघ बरं. किती कळकटलं होतं."

चिंच आणि मीठ. सुरुंगवाल्यांचा बिल्ला देवघरातल्या घंटेसारखा लखलखत होता. चिकटपट्टीसुद्धा तिने परत नीट जागेवर बसवली होती. भाऊंनी तो हातात घेतला. उलटा करून पाहिला, तर पाठही तितकीच लखलखीत.

आई माझ्याकडे बघायला लागली. "का रे? काही बिघडवलं का मी?"

"छे हो, आई," भाऊ म्हणाले. "नकलीच होता तो. टाकूनच देणार होतो. आता निदान दिसतो तरी छान."

आईचा जीव भांड्यात पडला. मी डब्या पोचवायला म्हणून त्यांच्या मागे त्यांच्या घरात गेलो आणि दार लावून घेतलं. "भाऊ, तो खरा होता."

"होता." ते खुर्चीत बसले. बिल्ला अजून मुठीतच होता. "मार्गारेट गेल्यापासून माझ्या घरातल्या कुठल्याच वस्तूवर कुणाचा हात फिरला नाही रे. आईला सांगशील तर खबरदार."

मी बाकीच्या डब्या त्यांच्या कपाटात एकावर एक रचून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर भाऊ आमच्या स्वयंपाकघरात आईसमोर उभे. हातात पितळेचे दोन मेणबत्ती-स्टँड, काळेठिक्कर.

"मार्गारेट घरी प्रार्थना करायची त्या वेदीवरचे आहेत," ते सांगत होते. "आई, चिंच उरली असेल तर..."

आईने ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि म्हणाली, "आधी बस. चहा टाकते."