दुसरं तोंड

सुरतेत, आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत भाजीवाला "ताजी मेथी" असं ओरडला की समोरच्या ओट्यावरून वत्सलाबाईंचा आवाज येतो, "दुसरं तोंड कोण?"

म्हणजे मेथी ताजी आहे हे तू सांगतोस, पण तुझ्याशिवाय आणखी कोण सांगतं? नवा भाजीवाला गोंधळतो. जुना मात्र शहाणा झालाय. एकदा त्याने हातगाडीत तोंड घालणाऱ्या गाईकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आ रही, बेन, ही बघा. विचारा तिला." वत्सलाबाईंनी गाईकडे नीट पाहिलं आणि दोन जुड्या घेतल्या.

वत्सलाबाई इतिहासाच्या प्रोफेसर. आता रिटायर आहेत. लग्न केलं नाही. आमच्याच खानदेशातल्या, पण आम्ही नवऱ्यांच्या मागे सुरतेला आलो आणि ती कॉलेजात शिकवायला आली. माझं शिक्षण चौथी. त्यामुळे इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढंच मला ठाऊक. पहिल्यांदा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आक्का, तुमचा इतिहास सांगा," तेव्हा मला वाटलं, हिला उन्हाचा त्रास झालाय. मी तिला कांदा फोडून दिला.

पुढे कळलं, तिचं कामच ते. ती म्हणायची, "सुरतेचं नाव काढलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. लूट आणि इंग्रजांची वखार. तिसरी गोष्ट इथे घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवतेय, तिला कोणी विचारत नाही." तेव्हा मी खरंच टिकल्याच चिकटवत होते. गोंदाने बोटं भरलेली. मी म्हटलं, "विचारा, पण हात थांबणार नाही."

तिने काय विचारावं? सुरतेला आलात तेव्हा खाडीच्या पाण्याचा रंग कोणता होता. मी म्हटलं, लाल. लगेच, "दुसरं तोंड कोण?" मी शेजारच्या इंदूबाईला हाक मारली. ती म्हणे, हिरवा. मी म्हटलं, "तुला दिसतं तरी का?" ती म्हणे, "तुझ्यापेक्षा बरं दिसतं." आमची जुंपली, बोलणंही बंद झालं. वत्सलाबाई मात्र पांडेसऱ्यात, साड्या रंगवायच्या गिरण्यांच्या वस्तीत, घरोघर हिंडल्या आणि चेहरा फुलवून परत आल्या. "दोघी खऱ्या! डाइंगमध्ये त्या दिवशी ज्या रंगाच्या साड्या, त्या रंगाचं पाणी." तिला आनंद झाला. आम्हाला बोलायला लागायला आठवडा गेला.

लग्नाच्या बैठकीत तिला बोलवायचं नाही, हे सोसायटीत ठरलेलं आहे. इंदूबाईच्या नातीला बघायला आले होते. मुलाची आई म्हणाली, "आमचा मुलगा पीत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. कोपऱ्यातून आवाज आला, "दुसरं तोंड कोण?" मुलाचा मामा चहा पिताना ठसकला आणि खाली बघत बसला. सोयरीक तिथेच राहिली. इंदूबाईने तिला खूप बोल लावले. नंतर त्या मुलाचं खरं कळल्यावर डबाभर लाडूही तिनेच नेऊन दिले.

असल्या बाईचं पुस्तकही निघालं. मला दिलं. जाड आहे. मी त्यातला माझा भाग तेवढा वाचला. बरोबर आहे. कांद्याचंही लिहिलंय.

पण तिचा सगळ्यात आवडता दिवस कानबाईच्या आदल्या दिवसाचा. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने गव्हाची मूठ सुपात काढायची. त्याच गव्हाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात, आणि ते फक्त कुळातल्यांनी खायचे. लग्न झालेल्या लेकीची मूठ सासरी जाते. परक्याच्या तोंडी रोट लागू द्यायचा नाही.

वत्सलाबाई दरवर्षी दारात खुर्ची टाकून बसायच्या. "ही कोणाची? ती कोणाची? मधल्या सुनेची आधी का?" मी विचारलं, एवढं काय त्यात? म्हणाल्या, "आक्का, कागदावर कोणीही नाव लिहितं. पण घर कोणाला आपलं म्हणतं, ते या सुपात दिसतं." दुसऱ्या दिवशी आरतीलाही यायच्या. रोट मोडायची वेळ झाली की आपणच उठायच्या. "चला, माझं काम झालं." मला वाटायचं, शिकलेली बाई, आपल्या रीती तिला बरोबर कळतात.

गेल्या श्रावणात मी मुठी काढत होते. माझे दीर, श्रावणभाऊ, शेजारी नावं सांगत होते. रोट मोडायचा मान त्यांचा. मी सहज विचारलं, "बाई, तुमची मूठ माहेरी काढत असतील ना?"

"विचारलं होतं मी," ती म्हणाली. "भाऊ वेगळे झाले. मोठा म्हणाला, धाकट्याकडे काढत असतील. धाकटा म्हणाला, मोठ्याकडे." मग चष्मा पुसला. "दोन तोंडं झाली. दोघांचं एकच निघालं, आमच्याकडे नाही. बरं, आता ही कोणाची?"

माझी मूठ सुपावर होती. मी म्हटलं, "वत्सलाची."

"कोण वत्सला?" श्रावणभाऊ म्हणाले.

"ही बसलीय ती."

"वहिनी, डोकं फिरलं का? परक्या कुळाचं माणूस रोटाला? कानबाई कोपली म्हणजे?"

"कोपली तर माझ्यावर कोपू दे. मी बघून घेते." आणि मी मूठ सोडली. गहू गव्हात गेला. आता वेगळा कोण काढणार?

श्रावणभाऊ चपला घालून निघून गेले. वत्सलाबाईही उठल्या.

दुसऱ्या दिवशी आरतीला दोघं आले. आरती झाली, ताटं मांडली, खीर वाढली, गंगाफळाची भाजी वाढली. श्रावणभाऊंनी रोट हातात घेतला. वत्सलाबाई सवयीने उठल्या. "चला, माझं..."

"बसा," मी म्हटलं. "तुमची मूठ आहे त्यात."

ती उभीच राहिली. माझ्याकडे नाही, रोटाकडे बघत हळूच म्हणाली, "दुसरं तोंड कोण?"

कोणी हसलं नाही. श्रावणभाऊंनी रोट मोडला, पहिला तुकडा देवीपुढे ठेवला. मग मान वर न करता म्हणाले, "मी होतो तिथं. वहिनीने मूठ टाकली, मी पाहिली. बसा आता, खीर निवतेय."

ती बसली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिचे दात निम्मे गेलेत आणि रोट होता कडक. खीर लावून लावून, एकेक तुकडा चघळत राहिली. आमची ताटं केव्हाच रिकामी झाली होती, हात वाळले होते. पण कोणी उठलं नाही. घरचं माणूस जेवत असताना आमच्याकडे उठत नाहीत.