झोपलेली खुर्ची

कावेरीबाई हंचाटेंच्या खुर्चीला पालवी फुटली, म्हणून नगरपालिकेने तिची झाड म्हणून नोंद केली आणि तिच्यावर बसायला मनाई केली.

खुर्ची प्लास्टिकचीच. कावेरीबाईंचे यजमान गुंडोपंत यांनी फुटकी पिंपं वितळवून, त्यात अंबाडीच्या धाग्यांचा वाख मिसळून ती ओतली होती. वाख घातला की प्लास्टिक चिरत नाही, एवढंच त्यांना ठाऊक. तो मुळं धरेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. आधी खुर्चीच्या उजव्या हातावर पान आलं, मग चारही पाय अंगणातल्या फरशीच्या फटीत रुतले.

कावेरीबाईंना त्याचं काही वाटलं नाही. डाळिंबाच्या सालीचा रंग उकळताना चाळीस वर्षं उकिडवं बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. ही खुर्ची रंगाच्या हंड्याच्या उंचीला बरोब्बर लागायची. खुर्ची गेली की हंडा गेला, आणि हंडा गेला की सुनेच्या हातचा आयता चहा पीत भिंतीला टेकून राहायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्या रंगारी गल्लीत सगळ्यांना सांगून चुकल्या होत्या.

शुक्रवारी उद्यान निरीक्षक सोनटक्के करवत घेऊन आले.

"बाई, उठा. मुळं कापून झाड बागेत हलवायचंय."

"हलवा की. मी बसलेय तेवढं सोडून."

"झाडावर बसता येत नाही."

"आंब्यावर माकडं बसतात, त्यांना नोटीस देता का?"

"माकडं चढतात. तुम्ही बसता. नियम वेगळा आहे."

शेजारच्या शांतावहिनी पुकाळे मघापासून उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. तांदूळ खरं तर कालच निवडून झाले होते. सोनटक्के करवत घेऊन वाकले तशा त्या सूप टाकून आत गेल्या आणि क्षणात बाहेर आल्या.

"दिवा लागला हो!"

सोनटक्क्यांचा हात थांबला. दिवेलागणीनंतर झाडं झोपतात, त्यांना हात लावू नये, हे त्यांच्याही घरी पाळत.

"अहो, सूर्यास्त सहा बावन्नला आहे. आत्ता सहा वीस झालेत."

"ते तुमच्या घड्याळात. दिवा लागला की दिवेलागण," शांतावहिनी म्हणाल्या. "झोपल्या झाडाला करवत लावलीत म्हणून घरी आईला सांगाल का?"

सोनटक्क्यांनी बराच विचार केला. मग पंचनाम्यात लिहिलं : 'झाड झोपी गेल्याने कारवाई तहकूब.' आवाज खाली आणून म्हणाले, "निदान तुम्ही तरी उतरा, बाई. तुमचाही हात लागतोच आहे."

"मी ते जागं असल्यापासून बसलेय. आता उठले तर दचकून उठेल बिचारं."

यात चूक सापडेना. त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली : 'झाडावर एक बाई. तीही हलवू नये.' त्याखाली सही केली, शांतावहिनींची साक्षीदार म्हणून घेतली आणि बूट काढून हातात धरले.

"मग उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

कावेरीबाईंनी पाण्याचा आवाज न करता नवं लुगडं हंड्यात सोडलं.

"दिवे लागले की या."