डाव्या मागच्या चाकाची हवा

तेजलला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं आणि त्याच आठवड्यात मला आमच्या गाडीच्या टायरांची काळजी वाटू लागली. त्याआधी टायर ही गाडीच्या खाली असणारी एक काळी वस्तू आहे, इतपतच आमची ओळख होती.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. (माझं नाव सम्यक. सम्यक दृष्टीची चौकशी कृपया बायकोकडे करावी.) खरं सांगायचं तर ही आमच्या घराण्यातली पहिली गाडी. वडिलांनी सारा जन्म बसच्या पासावर काढला. त्यामुळे स्टिअरिंगमागे बसलो की आपण कुणीतरी आहोत असं मला वाटतं. नवराबायकोत सगळं निम्मं निम्मं असावं हे मला मान्य आहे, फक्त स्टिअरिंग निम्मं करता येत नाही.

तेवढ्यात वाशीमहून सासऱ्यांचा फोन आला. भाऊराव बाजार समितीतून कारकून म्हणून रिटायर झालेले. बोलणं कमी, बघणं जास्त, म्हणजे जावयाच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक जात. त्यांनी तिकडे विहारात जाहीर करून टाकलं होतं की आमची तेजल मुंबईत गाडी चालवते आणि ती बापाला महाकालीची लेणी दाखवायला नेणार आहे. लहानपणी तिला सायकल त्यांनीच शिकवली होती. आता पोरीच्या शेजारच्या सीटवर बसून मुलुंडहून अंधेरीला जायचं, एवढ्याचसाठी ते येणार होते. शुक्रवारी यायचं, सोमवारी परत. मधे एकच रविवार.

"रविवारी मी चालवणार," तेजल म्हणाली.

"चालव की," मी म्हणालो. "फक्त सेफ्टीचं बघायला हवं."

आणि मी टायरची हवा सांगणारं यंत्र ऑनलाइन मागवून टाकलं.

नव्या महागड्या गाड्यांमध्ये हे यंत्र कंपनीनेच बसवलेलं असतं. आमच्यासारख्यांसाठी ते खोक्यात येतं. खोक्यात चार छोट्या टोप्या. टायरमध्ये जिथून हवा भरतात तिथली साधी टोपी काढायची आणि ही फिरवून बसवायची. हिच्या पोटात सेन्सर असतो. तो आतल्या हवेचा दाब मोजतो आणि डॅशबोर्डवर चिकटवलेल्या स्क्रीनला कळवतो. स्क्रीनवर गाडीचं चित्र आणि चार चाकांचे चार आकडे. हवा कमी झाली की आकडा लाल होतो, यंत्र टीं टीं करतं आणि एक पिवळा दिवा लागतो. त्या दिव्यात टायरचं आडवं कापलेलं चित्र आणि मधोमध उद्गारचिन्ह असतं. (तेजलला ते उतू जाणारं पातेलं वाटलं. ज्याची त्याची दृष्टी.)

आता आमच्या सोसायटीबद्दल थोडं सांगायला हवं. कंपाउंडमध्ये जागा आठ गाड्यांची, गाड्या अकरा. म्हणून सगळ्यांच्या एकेक चाव्या सहदेवच्या, म्हणजे आमच्या वॉचमनच्या, केबिनमध्ये खिळ्यांना टांगलेल्या असतात. ज्याला बाहेर पडायचंय त्याने आड येणारी गाडी काढायची, आपली काढायची, मग आडवी आलेली कुठेतरी सरकवून निघून जायचं. रात्री टाकीजवळ लावलेली गाडी सकाळी गेटपाशी भेटते. लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचं होतं तसंच. फरक इतकाच की चपला आपण पायात घालण्याआधी नीट बघतो.

गुरुवारी सकाळी मी खाली उतरलो. टाकीजवळ, मी रात्री लावली होती त्याच जागी, पांढरी गाडी उभी होती. गुडघे टेकून मी चारही टोप्या बसवल्या, काढलेल्या साध्या टोप्या खिशात टाकल्या आणि पोहे खायला वर गेलो. स्क्रीन घेऊन परत आलो तर आमची गाडी गेटपाशी. सहदेवने सरकवली असेल, असं म्हणून मी आत बसलो आणि स्क्रीन चिकटवली. आकडे उमटले. तीन हिरवे आणि डावं मागचं चाक लाल. टीं टीं टीं.

अशा वेळी माणसाने घाबरायला हवं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"तेजल, डाव्या मागच्या चाकात चोवीस आहे. तेहतीस पाहिजे."

"मग भर ना हवा."

"हवा काय, कुणीही भरेल. पण ती गेली का? कारण शोधायला नको? आपण कार्यकारणभाव मानणारी माणसं ना?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती कामाला निघून गेली. तत्त्वज्ञानावर ती वाद घालत नाही.

मी गाडी आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या पंपावर नेली. हवावाला बाहेर पाईप लावून बसला आणि मी आत स्क्रीनला डोळे लावून. डोळे हलवायला मी तयार नव्हतो, कारण विश्वास फक्त यंत्रावर होता.

"साहेब, तेहतीस झाली."

"इथे चोवीसच दिसतेय. टाक अजून."

"चाळीस झाली."

"टाक."

"साहेब, चाक आहे, फुगा नाय," असं म्हणून पंचेचाळीसला त्याने पाईप गुंडाळला. यंत्र चोवीसवर ठाम होतं. संध्याकाळी तेवीस झालं.

शुक्रवारी सासरे ट्रॅव्हल्सच्या बसने चेकनाक्याला उतरले. जयभीम झाला, बॅगा डिकीत गेल्या आणि आम्ही निघालो. (स्क्रीन तेवढी चार्जिंगसाठी घरी ठेवली होती.) प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी मागून उडी मारत होती. एका उडीत भाऊरावांचा चष्मा नाकावरून कपाळावर गेला.

"रस्ते लय खराब हायेत काय इथले?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, टायरमध्ये हवा कमी आहे."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

शनिवारी रात्री जेवताना मी निकाल सांगितला. रोज हवा जातेय, दिवा पेटलेलाच आहे, तेव्हा उद्या गाडी मीच चालवतो. मला या चाकाचा स्वभाव कळलाय.

"म्हणजे चाक माझ्यासाठी खराब आणि तुझ्यासाठी चांगलं, असं कसं रे?" तेजलने विचारलं.

"अनुभव असतो गं."

"राहू दे बाई," भाऊराव भाकरी मोडत म्हणाले. "विहारात सांगीन मी, गाडी बिघडली व्हती म्हणून."

तेजल ताट घेऊन उठली. मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण 'तूच चालव' हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. (दुसऱ्यांदा वाढलेलं वरण मात्र निमूट घेतलं.)

रविवारी सकाळी खाली उतरलो तर दुसऱ्या मजल्यावरचा व्हर्नन त्याच्या मम्मीला, म्हणजे सेलिना आंटीला, गाडीत बसवत होता. त्याची गाडी आमच्यासारखीच. तीच कंपनी, तोच पांढरा रंग.

"सम्यक, तुझी जरा मागे घे ना यार. मम्मीला पवईला तिच्या बहिणीकडे सोडायचंय."

मी घेतली. ते गेले. मग मी स्टिअरिंगमागे बसलो, शेजारी भाऊराव, मागे तेजल. निघण्याआधी टायरच्या दाबाचं महत्त्व या विषयावर थोडं बोलावं असं मला वाटलं. गार टायरची हवा मोजावी, तापल्यावर आकडा फुगतो, दिवा स्थिर पेटला तर हवा कमी आणि लुकलुकला तर यंत्रातच बिघाड, असं मी सांगत होतो. (हे सगळं खरं आहे. खोक्यावर लिहिलं होतं.) मधेच डाव्या मागच्या चाकाचा आकडा एकोणीस झाला, यंत्र किंचाळलं, मी ते किंचाळणं उदाहरण म्हणून वापरलं आणि बोलत राहिलो. बऱ्याच वेळाने स्क्रीनकडे पाहिलं तर चारही आकडे गायब. चार चाकांच्या जागी चार आडव्या रेघा.

"चाकं गेली," मी ओरडलो आणि दार उघडून बाहेर उडी मारली.

सहदेव काठी घेऊन धावला. गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. मी गाडीला एक फेरी मारली. चारही चाकं जागेवर होती. ज्या चाकांवर मी आत्ताच बसलो होतो ती जाणार कुठे, हा विचार मला फेरी पूर्ण झाल्यावर सुचला.

भाऊराव सावकाश उतरले आणि मागच्या चाकाजवळ वाकले.

"जावईबापू, चाकं तर हायेत. पण तुमच्या त्या टोप्या कुठी हायेत?"

चाकांवर साध्या काळ्या टोप्या होत्या.

"चोरल्या," मी म्हणालो.

"चोराने तुझ्या टोप्या काढून साध्या लावून दिल्या?" तेजल म्हणाली. "आधीच्या टोप्या तू कुठे ठेवल्या होत्यास?"

मी गुरुवारचीच पँट घातली होती. खिशात हात घातला. चारही टोप्या निघाल्या.

"मग या चाकांवरच्या कुणाच्या?" मी विचारलं.

तेजलने गेटकडे बघितलं, जिथून व्हर्नन गेला होता. मग माझ्याकडे बघितलं. असं ती फार वेळा बघत नाही, पण बघते तेव्हा बरोबर बघते.

"तू त्या टोप्या व्हर्ननच्या गाडीला लावल्यास."

सहदेव काठीवर हनुवटी टेकून हसायला लागला. पण तेजल हसली नाही. "अरे, म्हणजे एकोणीस त्याचं आहे. खरंच हवा जातेय आणि आंटी गाडीत आहे." तिने लगेच फोन लावला. मीही तेव्हा खरोखर घाबरलो. आठवडाभरातली माझी ती पहिली खरी काळजी.

"व्हर्नन, आधी गाडी बाजूला घे. डावं मागचं चाक बघ."

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "वाट लागलीय यार. खिळा घुसलाय, टायर पार बसलाय. तुला कसं कळलं?"

"सम्यक गुरुवारपासून तुझ्या चाकावर लक्ष ठेवून आहे."

"काय माणूस आहे यार तो," व्हर्नन गहिवरून म्हणाला. "ऐक ना, माझी स्टेपनी पण पंक्चर आहे. तुमची चालेल मला, सेम गाडी आहे."

मी चावीसाठी वळलो. चावी गाडीत होती आणि तेजलही, स्टिअरिंगमागे, पट्टा लावून. भाऊराव तिच्या शेजारी बसले. उरलेली सीट कोणती ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

आधी पंप. मला बघताच हवावाल्याने पाईप गुंडाळायला घेतला. "भरायची नाही दादा, काढायचीय," तेजल म्हणाली. त्याने मोजलं तर शुक्रवारच्या आणि शनिवारच्या फेऱ्या धरून डाव्या मागच्या चाकात पन्नास होती. त्याने हवा सोडली. फुस्स असा तो आवाज बराच वेळ चालला आणि मी खिडकीतून दुसरीकडे बघत राहिलो.

हायवेला लागलो. तेजल घाई न करता, लेन न सोडता चालवत होती. मागे बसून मी मोकळ्या जागेत तीनदा ब्रेक दाबला, पण गाडीवर त्याचा परिणाम झाला नाही. पवई तलावाच्या अलीकडे व्हर्नन हात हलवत उभा होता. सेलिना आंटीने माझा हात धरून "गॉड ब्लेस यू बाबा" म्हटलं. मी नम्रपणे मान खाली घातली आणि ती व्हर्ननने "ही टोपी कसली रे माझ्या चाकाला?" असं विचारेपर्यंत खालीच ठेवली. मग ती वर करायची सोयच उरली नाही.

चाक बदललं, ते पुढे गेले आणि आम्ही अंधेरीला पोचलो. लेण्यांपाशी तेजलने दोन रिक्षांच्या मधल्या फटीत गाडी एका झटक्यात उलटी लावली. मला ती तिथे सुलटीसुद्धा लावता आली नसती, हे मी मनातल्या मनात कबूल केलं. भाऊराव उतरले आणि गाडीला फेरी मारून लेकीपाशी आले.

"लय सुंदर चालवली माय," ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. तेजलचे डोळेही पाणावले, आणि मलाही, खोटं कशाला सांगू, अगदी भरून आलं.

मग ते माझ्याकडे वळले. जावयाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी क्षणभर विचार केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अन् जावईबापू, तुमीबी मांगं छान बसले."