येतो म्हणून गेलेली बिलं

वाईतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानातली बिलं जुन्या कॉम्प्युटरमधून नव्यात राहायला जाणार होती, पण सगळ्यांनी एकदम जायचं की टप्प्याटप्प्याने, यावर त्यांचं एकमत होईना.

म्हणून बाबांनी शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवून बैठक घेतली. नवा कॉम्प्युटर बसवणारे पिसाळ आले होते. बिलं करायचं काम माझी नलूआत्या करते, म्हणून तीही होती. मी पाणी द्यायला होते. बिलं जुन्या कॉम्प्युटरच्या स्पीकरवरून बोलत होती.

पिसाळांनी आधी टप्प्यांचा मार्ग मांडला. “पहिल्यांदा पातेल्यांची बिलं नेऊ, मग ताटांची.”

“माझ्यात पातेलंही आहे आणि ताटंही,” एक बिल म्हणालं. “मी कमरेत तुटू का?”

पिसाळांनी हरकत लिहून घेतली. “मग महिनाभर दोन्ही कॉम्प्युटर चालू ठेवू. प्रत्येक बिल दोन्हीकडे करायचं.”

“करायचं म्हणजे मी करायचं,” आत्या म्हणाली. “दादा, मला बसायला स्टूल एकच आहे.”

राहिला एकदम जाण्याचा मार्ग. सोमवारपासून लग्नसराईची गर्दी सुरू होणार होती, म्हणून बाबांनी रविवार ठरवला. बिलांनी थोडी कुजबुज करून होकार दिला.

“फक्त ते रद्द बिल न्यायचं नाही,” पिसाळ म्हणाले. “नव्यात रद्द बिलांना जागा नसते. सोमवारी भंगारवाला जुना कॉम्प्युटर नेईल, त्याच्यासोबत ते जाईल.”

आमच्याकडे रद्द बिल एकच होतं, तांब्याच्या बंबाचं. गिऱ्हाइकाने बंब घरी नेला, पण तो न्हाणीच्या दारातून आत जाईना, म्हणून परत आणून दिला होता.

“बंब आत गेला नाही, यात माझा काय दोष?” रद्द बिलाने विचारलं.

“दोष नाही. तशी पद्धत आहे.”

मला त्याच्या बाजूने बोलायचं होतं. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला.

रविवारी सकाळी बिलं निघाली, तेव्हा रद्द बिलाने त्यांना थांबवलं. “नीट सांगून निघा. घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, एवढं तरी पाळा.”

बिलांनी ते पाळलं. प्रत्येक बिल ‘येतो’ म्हणत होतं आणि रद्द बिल प्रत्येकाला ‘या’ म्हणत होतं. संध्याकाळपर्यंत सगळी नव्या कॉम्प्युटरमध्ये पोचली. पिसाळांनी बाबांना पेढा दिला.

सोमवारी दुकान उघडलं तर नवा कॉम्प्युटर रिकामा होता आणि सगळी बिलं जुन्यात होती. भंगारवाला हातगाडी घेऊन दारात उभा होता.

“हे काय?” पहिला दिवस बघायला आलेल्या पिसाळांनी विचारलं.

“येतो म्हणून गेलो होतो,” एका लग्नाच्या ऑर्डरचं बिल म्हणालं. “आलो.”

“मग आता ‘जातो’ म्हणा आणि चला.”

आत्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. “अहो पिसाळ, लग्नसराईचा पहिला दिवस, आणि दुकानात असलं अभद्र बोलायला लावता?”

“आमच्याकडे असं कुणी म्हणणार नाही,” बाबा म्हणाले.

भंगारवाल्याने कॉम्प्युटरला कान लावला. “शेठ, यात तर बिऱ्हाड आहे. बिऱ्हाडासकट मी काही नेत नाही.” तो एक फुटकी बादली घेऊन निघून गेला.

पिसाळ रद्द बिलाकडे वळले. “हे तुम्ही मुद्दाम केलंत?”

“मी रद्द आहे,” ते म्हणालं. “माझं बोलणं धरायचं नसतं.”

तेव्हापासून बिलं दिवसभर नव्या कॉम्प्युटरमध्ये काम करतात आणि संध्याकाळी जुन्यात परततात. आत्याचं स्टूल एकच आहे आणि ते पुरतं. पिसाळांना आपल्या कंपनीला कोणता मार्ग वापरला ते कळवायचं होतं. एकदम, टप्प्याटप्प्याने आणि दोन्हीकडे, हे तिन्ही खोडून त्यांनी खाली लिहिलं : येऊन-जाऊन.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी जुन्या कॉम्प्युटरजवळ जाते. मी कुणाशी फारशी बोलत नाही, पण निघताना सांगावं लागतं.

“येते,” मी म्हणते.

“ये हं,” रद्द बिल म्हणतं. “दारातून जपून.”